हजेरीत नसलेलं वर्ष

निकाल लागला तेव्हा मी वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने हाक मारली, "अगं, निकाल आलाय, ये लवकर!" ती पास झाली होती, ते तिच्या आवाजातच कळत होतं. तिच्याच मोबाइलवर मी माझा नंबर टाकला. माझा निकाल उघडला. रसायनशास्त्र गेलं होतं, भौतिकशास्त्र गेलं होतं, गणितही. इतके विषय राहिले की पुढच्या वर्गात जाता येत नाही. कॉलेजात त्याला 'इयर डाऊन' म्हणायचे. तोवर तो शब्द मी दुसऱ्यांबद्दलच ऐकला होता.

मी हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकले, आणि अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी असली तरी शिकवायचे मराठीतूनच. नाशिकला बीएस्सीला आले आणि सगळं एकदम इंग्रजीतून सुरू झालं. सर फळ्यावर लिहायचे ते मी जसंच्या तसं उतरवून घ्यायचे, पण ते जे बोलायचे त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. हात वर करून विचारायची लाज वाटायची. मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा होती, शिष्यवृत्ती होती, म्हणून मी शहरात राहू शकत होते. दोन्हींना एकच अट होती, दरवर्षी पास व्हायचं. प्रवेशाच्या वेळी त्याखाली मी सही केली होती. नापास होणं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

गृहपाल मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बाळा, नियम माझा नाही. तुझी जागा आता दुसऱ्या मुलीला जाईल. विषय सोडवलेस की पुन्हा अर्ज कर. शिष्यवृत्तीही तेव्हा पुन्हा सुरू होईल."

"आणि हे वर्ष?"

"हे वर्ष तुझं तुलाच काढावं लागेल."

घरी बाला, म्हणजे वडिलांना, फोन केला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"घरी ये. हितून जाऊन परीक्षा दे," तो म्हणाला.

"घरी अभ्यास नाय होणार, बा."

"मंग ऱ्हाशील कुठं?"

मग तोच म्हणाला, "थांब. तुझ्या भावाला इचारतो."

हा माझा चुलतभाऊ. नाशिकमध्येच सातपूरला एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. एकच खोली, त्यात तो, वहिनी आणि त्यांचं तान्हं बाळ. ते मला कधीच तोडून बोलले नाहीत. पण त्याची रात्रपाळी असली की तो दिवसा झोपायचा, आणि बाळाच्या रडण्याने त्याची झोप मोडू नये म्हणून वहिनी बाळाला घेऊन शेजारी जाऊन बसायची. खोलीत पान उलटल्याचाही आवाज व्हायचा. मग मी दप्तर उचलून बाहेर पडायचे. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून कॉलेजात जायचे.

कॉलेजात मला वर्गच नव्हता. नापास झालेल्याने नुसती परीक्षा द्यायची असते. तास इतरांचे. पहिले काही आठवडे मी वाचनालयात बसायचे आणि घंटा झाली की सवयीने उठायचे. उठून झाल्यावर लक्षात यायचं की कुठे जायचं नाहीये. तशीच परत खाली बसायचे.

एकदा जुन्या मैत्रिणी कँटीनमध्ये दिसल्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. नव्या प्रॅक्टिकलबद्दल काहीतरी सांगत सगळ्या हसत होत्या. मी विचारलं, "काय झालं?" एक जण सहज म्हणाली, "जाऊ दे गं, सेकंड इयरचं आहे, तुला नाही कळायचं." तिच्या मनात काही नव्हतं. मी चहा संपवला आणि त्यानंतर मधल्या सुट्टीत तिकडे गेले नाही.

दिवाळीनंतर धीर करून रसायनशास्त्राच्या सरांना गाठलं. म्हटलं, "सर, पहिल्या वर्षाच्या वर्गात मागे बसू का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बस. पण तुझी हजेरी लागणार नाही."

"चालेल."

"गेल्या वर्षी काही विचारलं का नाहीस कधी?"

"उद्यापासून येते, सर," एवढंच म्हणून मी निघाले.

मी शेवटच्या बाकावर बसू लागले. हजेरी सुरू झाली की एकेक नाव पुढे सरकायचं आणि माझ्या आडनावाची जागा येऊन निघून जायची. तेवढा वेळ मी पेनाचं टोपण काढत-घालत बसायचे. शेजारच्या मुलीने विचारलं, "तुझा रोल नंबर काय?" मी म्हटलं, "मला नाही." दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बाकावर बसलेली दिसली. मैत्रिणीशेजारी जागा मिळाली म्हणूनही गेली असेल. पण तो सगळा दिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

पुढे कधीतरी एका तासाला मी हात वर केला. इंग्रजीत वाक्य जुळेना, मराठीतच विचारलं. बरीच डोकी मागे वळली. सरांनी खडू उचलला आणि सगळं पहिल्यापासून मराठीत समजावलं. त्या दिवशी चालत सातपूरला येताना मी तेच पुन्हापुन्हा मनात म्हणत होते. वहिनीला सांगावंसं वाटलं, पण ती बाळाला झोपवत होती.

त्या वर्षीच्या परीक्षेत सगळे विषय सुटले. बाला फोनवर सांगितलं तेव्हा तो नुसता "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिला, आणि आयेने त्याच्या हातातून फोन घेऊन विचारलं, "जेवलीस का?" शिष्यवृत्ती पुन्हा सुरू झाली. वसतिगृहातही जागा मिळाली, यावेळी वरच्या मजल्यावर. खोलीतल्या तिघी नुकत्याच बारावी होऊन आलेल्या. मी पेटी घेऊन आत शिरले तशा तिघीही उठून उभ्या राहिल्या.

"ताई, तुम्ही खिडकीजवळचा पलंग घ्या," त्यांच्यातली एक म्हणाली.

मी त्यांच्याहून फार मोठी नव्हते. नको म्हटलं तरी त्या ऐकेनात. मग तिघी एका पलंगावर दाटीवाटीने बसून गावाकडच्या गप्पा मारू लागल्या, आणि मी खिडकीजवळ बसून पेटीतले कपडे काढत राहिले.