आत्या आणि समीकरण

माझ्या नवऱ्याच्या आत्यांना सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळालेला माणूस अख्ख्या राहाता तालुक्यात शोधून सापडायचा नाही. शिर्डीची बस किती वाजता, एवढंच विचारावं, तर त्या आधी बसचा वेग विचारतात. मिशनच्या शाळेत त्यांनी उभं आयुष्य बीजगणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर शाळा सुटली तरी खडू काही सुटला नाही. तो पर्समध्ये रुमालाशेजारी असतो आणि बोलता बोलता बाहेर येतो. सकाळी चहा ठेवायला जावं तर कडप्प्याच्या ओट्यावर डावी बाजू बरोबर उजवी बाजू असं काहीतरी मांडलेलं, आणि ते पुसायची मला बंदी. “मागितलंय काय, दिलंय काय ते बघा, आणि माहीत नाही त्याला क्ष म्हणा,” हे त्यांचं वाक्य आमच्या घरात प्रार्थनेपेक्षा जास्त वेळा म्हटलं जातं.

देवाच्या घरीही त्या गप्प बसत नाहीत. एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी येशूच्या पाच भाकरी आणि दोन माशांवर सुंदर उपदेश केला. उपासना संपल्यावर ते दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत होते. आत्यांनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. “पाच हजार जेवले आणि वर बारा टोपल्या उरल्या. प्रत्येकाने क्ष भाकरी खाल्ली असं धरलं, तर मूळच्या भाकरी पाच येतच नाहीत.”

“तोच तर चमत्कार आहे, बाई,” पाळकसाहेब म्हणाले.

“चमत्कार मला मान्य आहे. तो कोणत्या बाजूला लिहायचा तेवढं सांगा.”

मागे रांग थेट गेटापर्यंत गेली होती आणि मला घरी जाऊन मटण शिजवायचं होतं. तेव्हापासून आम्ही दिसलो की पाळकसाहेबांना मागच्या दाराशी काहीतरी काम निघतं.

एकदा गच्चीवरच्या टाकीची तोटी गळायला लागली. नळाला पाणी चार दिवसांआड येतं, त्यामुळे माझा जीव वर-खाली. नवरा पाना घेऊन शिडी चढणार, तर आत्या आडव्या. “थांब रे, आधी गळतीचा वेग काढू. टाकी किती वेळात रिकामी होईल ते तर कळू दे.” त्यांनी तोटीखाली तांब्या धरला, घड्याळ लावलं, समीकरण मांडलं, सोडवलं, पडताळाही घेतला. तोवर टाकी रिकामी झाली. “उत्तर बरोबर आलं,” त्या समाधानाने म्हणाल्या. आम्ही पुढचे दिवस शेजाऱ्यांच्या बादल्यांवर काढले.

पण खरा कहर केला तो नणंदेला बघायला पाहुणे आले तेव्हा. माझी नणंद आईविना वाढलेली, आत्यांनीच तिला लहानाची मोठी केली. मुलगी गुणी, नोकरी करणारी, पण पस्तिशीला टेकलेली, आणि वय ऐकलं की स्थळं पुढे सरकायची नाहीत. शेवटी सासऱ्यांनी मन घट्ट करून बायोडाट्यात एकोणतीस लिहिलं. श्रीरामपूरचं स्थळ आलं, मुलगा बत्तीसचा. पाहुणे यायच्या आधी सासऱ्यांनी बहिणीची पर्स कपाटात ठेवून दिली आणि बजावलं, “अक्का, आज एक अक्षर बोलायचं न्हाई.”

आत्या खरोखर बोलल्या नाहीत. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई मोकळ्या स्वभावाची, जुन्या कष्टांच्या गोष्टी सांगत होती. “ह्यो झाला तवा मी बावीसची हुते. लई हाल काढले बघा. पन देवाची कृपा. यंदा आमा मायलेकरांची वयं मिळून शंभर भरली, म्हनून चर्चात उपकारस्तुती केली.”

मी आत्यांकडे पाहिलं. खडू नव्हता, म्हणून त्या बोटाने साडीवरच लिहीत होत्या.

“दोन क्ष अधिक बावीस बरोबर शंभर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “दोन क्ष बरोबर अठ्ठ्याहत्तर. क्ष एकोणचाळीस.”

मुलाच्या वडिलांना अर्थ लागला तसे ते लाल झाले. “व्हय, आमचं चुकलं आसंल. मग तुमच्या पोरीचं खरं वय काय, ते बी सांगा की.”

सासऱ्यांनी डोळ्यांनी बहिणीला विनवलं. आत्यांना आयुष्यात चुकीचं उत्तर देता आलेलं नाही. “पस्तीस,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांनी जुळत आलेलं स्थळ ह्या बाईंनी घालवलं. मी रागाने कपबश्या उचलायला उठले, तेवढ्यात इतका वेळ खाली मान घालून बसलेला मुलगा नणंदेला म्हणाला, “बत्तीस मी लिहिलं नव्हतं.”

“मीही एकोणतीस लिहिलं नव्हतं,” ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग त्यालाही. आम्ही मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत बसलो आणि ते दोघं अंगणात जाऊन तासभर बोलले.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी श्रीरामपूर किती लांब आणि गाडी किती वेळात पोचेल, हे आत्यांनी कुणालाच सांगितलं नाही. गाडी वळेपर्यंत त्या फाटकाचा गज धरून उभ्या होत्या.

त्यानंतर त्यांची नजर झपाट्याने गेली. डॉक्टर म्हणतात, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही. आता दुपारी भांडी आवरली की मला त्यांच्या खाटेशी बसून माझ्या मुलीच्या पुस्तकातली गणितं वाचून दाखवावी लागतात. मला त्यातलं काही कळत नाही, आणि माझी कामं पडलेली असतात, हे मी रोज बोलून दाखवते. दोन गावांहून दोन सायकलस्वार एकमेकांकडे निघतात, एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा जास्त. आत्या डोळे मिटून ऐकतात, ओठ हलत असतात. हल्ली कधी कधी मध्येच ते हलायचे थांबतात, डुलकी लागलेली असते. मी वाचायची थांबले की त्या दचकून जाग्या होतात. म्हणून मी थांबत नाही. सायकलस्वारांची भेट होईपर्यंत हळू आवाजात वाचत राहते.