मासिकात न छापलेलं लग्न

मनकर्णाबाईंना मी एकदा भरल्या बायकांत तोंडघशी पाडलं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि मॅट्रिक झाल्यामुळे मला नुकतीच शिंगं फुटली होती.

सदतीस साली लग्न होऊन मी धंतोलीत आले. माझ्या सासूबाई रंभाबाई. त्यांच्याकडे शनिवारी दुपारी दहाबारा बायका वाती वळायला जमायच्या आणि मनकर्णाबाई त्यांना मासिकातली कादंबरी वाचून दाखवायच्या. मी सोडले तर बाकी कोणाला वाचता येत नव्हतं. मासिक महिन्यातून एकदा यायचं, म्हणून तेच प्रकरण चार शनिवार चालायचं आणि तरी कोणी कंटाळायचं नाही.

मनकर्णाबाईंचे यजमान जबलपूरला वकील. त्यांनी शिकलेली दुसरी बायको केली, तेव्हापासून वीस वर्षं ह्या इथे, भावाच्या घरी. तिथे त्यांना भांड्यांचा ढीग आणि भावजयीची बोलणी. आमच्याकडे मात्र बसायला पाट, समोर चौरंग, मासिकाला हळदकुंकू. सासूबाईंच्या लेखी छापलेलं सगळं पोथीच. तिचं अक्षर गाळायचं नाही, बदलायचं तर मुळीच नाही. गावात मनकर्णाबाईंना मान मिळायचा तो त्या एका पाटावर. तो गेला की त्यांच्याकडे काहीच उरत नव्हतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कादंबरीतली कमलिनी कोणाच्या गळ्यात माळ घालणार यावरून बायकांत सरळ दोन तट पडले होते. सासूबाई गरीब मास्तराच्या बाजूने. शेजारच्या जिजाबाई बॅरिस्टरच्या. त्याच्या मोटारीचं वर्णन आलं की मोटार जणू त्यांच्याच दारात उभी राहायची. ह्या भांडणापायी दोघींनी एकमेकींच्या घरचं हळदकुंकू टाकलं होतं. हसू नका, खरंच टाकलं होतं. बॅरिस्टरला गावाकडे एक पहिली बायको होती. ती दोन ओळींत येऊन गेली. तिची बाजू घेणारं कोणी नव्हतं.

शेवटचं प्रकरण आलं त्या शनिवारी सासूबाईंनी पारायणाच्या समाप्तीसारखा पुरणाचा नैवेद्य केला. उकाडा होता, म्हणून मी मनकर्णाबाईंच्या मागे पंखा घेऊन बसले. पान मला स्वच्छ दिसत होतं.

"कमलिनीने माळ उचलली," असं वाचून त्या थांबल्या. पुढची ओळ मी केव्हाच वाचली होती. माळ बॅरिस्टरच्या गळ्यात.

"आणि मास्तरांच्या गळ्यात घातली," मनकर्णाबाईंनी वाचलं.

माझा पंखा हातातच राहिला. सासूबाईंनी टाळी वाजवली. मनकर्णाबाई पान न उलटता पुढे वाचत सुटल्या, सनई, अक्षता, मास्तरांच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं मनचं. त्यांच्या मानेवर घाम दाटला होता.

जिजाबाई उसळल्या. "असं कसं? मागच्या खेपेले तर तिनं बॅरिस्टरले होकार देल्ला होता! नीला, तू शिकलेली हायेस. पाह्य बरं काय छापलं हाये ते."

"पोथीवर शक घेता काय वं?" सासूबाई म्हणाल्या.

"शक नाई. पाहू तर द्या पोरीले."

मनकर्णाबाईंनी पानावर हात ठेवला, आणि मग स्वतःच तो काढून घेतला. मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या एका "हो"ने भागलं असतं. पण इथे मॅट्रिक मी आणि पाट त्यांना, हे मला कधीचं खुपत होतं. आज सांगताना लाज वाटते. मी मासिक उचललं आणि खणखणीत आवाजात खरं ते वाचलं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "पोथी बदलली तुमी? काहून?"

"माह्या तोंडून निघेना ते," एवढंच बोलून मनकर्णाबाई पाटावरून उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

जिजाबाई जिंकल्या होत्या, पण त्यांना हसू येईना. हातातली वात तशीच धरून त्यांनी विचारलं, "नीला, त्याच्या पहिलीचं काय झालं वं?"

मी पानं चाळली. पुढून चाळली, मागून चाळली. "तिचं काही छापलेलं नाही," मी म्हणाले.

उंबऱ्याशी पोचलेल्या मनकर्णाबाई वळल्या. "मी सांगतो तिचं. पंचविसाव्या वर्षी ती भाचीची पाटी घेऊन अक्षरं गिरवायले बसली. पयलं नाव लिहिता आलं ते नवऱ्याचं. लिहिलं, अन् थुका लावून पुसलं."

जिजाबाई उठल्या, त्यांना हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं. "अन् मंग?" त्यांनी विचारलं.

मासिक माझ्याच हातात राहिलं. ते कोणी मागितलं नाही.