वहिनीने मांडलेल्या ओळी

इगतपुरीच्या शाळेत मी आठवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "बाई, नाशिकहून तुमच्या भावाचा फोन होता… वहिनी गेल्या म्हणाले." हातातला खडू तसाच पर्समध्ये टाकला आणि स्टेशन गाठलं. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त, वय अवघं त्रेपन्न. याला आता सहा आठवडे झाले. रडून झालं आहे. आज मला वहिनीबद्दल तोऱ्याने लिहायचं आहे, कारण तिने स्वतः कधी तोरा मिरवला नाही, आणि माझ्याकडे तो उपजतच भरपूर आहे.

सुमनवहिनी कळवणकडच्या खेड्यातून आमच्या वसाहतीत लग्न होऊन आली. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती. आमची आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते तिनेच. दादा सातपूरच्या कारखान्यात, मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, आणि वहिनी सदतीस वर्षांची, अशा वेळी वसाहतीत बालवाडी निघणार असं ठरलं. तिथल्या बाईची जागा जूनमध्ये भरायची होती, अट एकच, सातवी पास. वहिनीच्या कानावर ते आलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "शालू, मी बाहेरून सातवी दिली तर लोक लय हसतील का गं?" मी म्हटलं, हसू देत. गणित मी शिकवते.

शिकवते म्हणजे काय, तर मी तिला व्याख्या पाठ करायला लावत होते. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज विभाजक नसतो ती मूळ संख्या, ज्यांना इतरही विभाजक असतात त्या संयुक्त. वहिनी ते पोपटासारखं म्हणायची आणि मग माझ्याकडे अशी बघायची की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. "शब्द झाले पाठ," म्हणायची, "पण आत काय हाय ते दिसंना."

ते दिसलं उडदाच्या पापडांत. आमच्याकडे पापडाच्या दिवशी शेजारणी पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या आणि लाटलेले पापड अंगणात जुन्या लुगड्यावर वाळत पडायचे. बाकीच्या बायका जागा दिसेल तिथे टाकत. वहिनी मात्र सारख्या ओळींत मांडायची, म्हणजे कावळ्याने किंवा पोरांनी एक जरी पळवला तरी लगेच कळतं. त्या दिवशी तिने चोवीस पापड मांडले होते, चार ओळी, सहा-सहाच्या. त्यातला एक मीच ओला उचलून तोंडात टाकला. तिने उरलेले पुन्हा मांडायला घेतले. तीन ओळी केल्या, दोन उरले. चार केल्या, तीन उरले. पाच केल्या, पुन्हा तीन उरले. पिठाचे हात तसेच धरून ती लुगड्याकडे बघत बसली.

"शालू, हे तेवीस कशातच बसंनात गं. एकच लांबलचक ओळ होतीय. म्हणजे हेच ते मूळ का?"

मला कॉलेजात कुणी इतकं सोपं सांगितलं नव्हतं. पण ते कबूल करायला मी कुठली तयार! तेव्हा मला चांगलीच ग ची बाधा झाली होती.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी तिची उजळणी घेतली. एक्क्याण्णव आला. ती अडखळली, तर मी ठणकावून सांगितलं, "दोनने जात नाही, तीनने नाही, पाचने नाही. मूळ आहे. लिहून ठेव." तिने मुकाट्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती पेपर देऊन आली आणि चप्पल न काढताच ओट्यावर टेकली. पेपरात चार संख्या होत्या, एक्कावन्न, सत्तावन्न, एक्क्याण्णव, सत्त्याण्णव, आणि त्यांतली एकच मूळ संख्या निवडायची होती. पहिल्या दोन तीनने गेल्या. राहिल्या दोन. "तू तर एक्क्याण्णव मूळ सांगितलेलं. पण सत्त्याण्णवबी कशानं जाईना. दोन्ही कशा असतील?" मग वहिनीने काय केलं, तर पेपराच्या मागच्या कोऱ्या पानावर पापड मांडले. म्हणजे ठिपके काढले, सात-सातच्या ओळींत. परीक्षेवर आलेल्या बाई खेकसल्या, "अहो, इथं परीक्षा चाललीय, रांगोळी काय काढताय?" अख्खा वर्ग हसला. पंधरा-सोळा वर्षांची पोरं ती… वहिनीने मान खाली घातली, पण ठिपके सोडले नाहीत.

"एक्क्याण्णवच्या तेरा ओळी झाल्या शालू, बरोब्बर. सत्त्याण्णवला सहा उरले. मी सत्त्याण्णव लिहिलं." मग चप्पल काढत म्हणाली, "तुझं ऐकलं नाय. रागवू नको."

तेरा साते एक्क्याण्णव. तेराचा पाढा मला चौथीपासून पाठ! कान तापले माझे. आज मी बारा वर्षं गणित शिकवते आहे, आणि पुस्तकातल्यापेक्षा, शिकवणारीपेक्षा स्वतःच्या ठिपक्यांवर विश्वास ठेवणारी विद्यार्थिनी मला पुन्हा भेटलेली नाही. ती पास झाली. जूनमध्ये बालवाडीच्या बाई म्हणून रुजू झाली.

तिथेही तिचं मांडणं सुटलं नाही. सकाळी मुलं मोजायची, सारख्या ओळींत बसवायची. ज्या दिवशी मुलं ओळीत बसत नसत, म्हणजे अकरा, सतरा, तेवीस यायची, त्या दिवशी ती स्वतः सतरंजीवर मांडी घालून शेवटच्या ओळीच्या टोकाला बसायची. मी एकदा चिडवलं, की बाईंनी खुर्चीवर बसावं. ती म्हणाली, "मी बसले की ओळी जुळतात. मग कुणी एकटं उरत नाय."

जलदानविधीनंतर आवराआवर करताना तिचा चिंचोक्यांचा डबा सापडला, मुलांना मोजायला शिकवायचा. गेल्या आठवड्यात तो द्यायला मी बालवाडीत गेले. नव्या बाई रजिस्टर शोधत होत्या, मुलं आपली आपणच बसली होती. शेवटच्या ओळीच्या टोकाला जागा दिसली म्हणून मी तिथे टेकायला वाकले, तोच शेजारची चिमुरडी माझा पदर ओढून म्हणाली, "तिथं नका बसू. ती बाईंची जागा हाय."

मी डबा छातीशी धरून उभी राहिले आणि मुलं मोजली. तेवीस होती, आणि ओळी चार.