अठ्ठ्याहत्तर किलोचा पुतळा

कारखान्यात त्यांना सगळे शून्यसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. काम गेज तपासण्याचं. बॉयलर, गॅसच्या टाक्या, दवाखान्यातले ऑक्सिजनचे सिलिंडर, जिथे म्हणून दाब दाखवणारा काटा असतो तिथून ती गोल डबडी त्यांच्या टेबलावर यायची. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी हे त्याला एकच गोष्ट सांगायचे, "आधी शून्य बघ. दाब नसताना काटा शून्यावर नसेल, तर पुढचं सगळं खोटं." मग यंत्रावर एकेक वजन चढवत, चष्मा कपाळावर सरकवून, नाक काचेला टेकेल इतकं वाकून ते आकडा वाचत. पटलं तर हिरवं लेबल, नाही तर लाल, आणि लेबलावर सही. सव्वीस वर्षांत त्यांनी वाचल्याशिवाय सही केली नव्हती. एकदा मॅनेजर घाईत होता. म्हणाला, "करून टाका हो, कोण बघतंय?" त्याला तासभर समोर बसवून यांनी बाराच्या बारा गेज वाचून दाखवली. त्यानंतर मॅनेजर त्यांच्या वाटेला गेला नाही.

असा माणूस खोटं लिहायला बसला, त्याची ही गोष्ट आहे.

मुलगी एकुलती एक, चौदा वर्षांची. सुट्टीत तिने स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचं, शिक्षण घेतलं, आधी तलावात, मग शहराबाहेरच्या मोठ्या जलाशयात. कार्ड आलं. कार्डावरच्या फोटोत केस ओले आणि नाकावर मास्कचा वळ. शून्यसाहेबांनी त्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये घेतला आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा दाखवला. त्या बिचारीने "छान हं" म्हणून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, तरी यांचं चालूच.

कारण हे वेड मुळात त्यांचंच होतं. लग्नाआधी दोन वर्षं ते स्कूबाच्या हवेच्या टाक्या भरून देणाऱ्या एका दुकानात कामाला होते. मालकाने हौसेने शिकवलं, कार्ड काढून दिलं. त्या काळात समुद्रात भेटलेल्या एका कासवाची गोष्ट घरात इतक्या वेळा झाली होती, की बायको म्हणायची, "दर वर्षी ते कासव थोडं थोडं मोठं होतंय बरं का." मुलगी त्या कासवावरच वाढली. कार्ड हातात पडल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आता मला दाखव."

मग काय, फ्रिजच्या दारावर कागद चिकटला. समुद्रावरची सहा दिवसांची सहल, तीन रंगांच्या शाईत. पहिल्या दिवशी उथळ पाणी, तिसऱ्या दिवशी प्रवाळाची भिंत, रोज दोनच डुबक्या, शेवटच्या दिवशी काही नाही कारण दुसऱ्या दिवशी विमान आणि डुबकीनंतर लगेच उडायचं नसतं. बायकोला पोहता येत नाही, तिच्यासाठी बोटीवर सावलीतली जागा, तीही नकाशा काढून. जेवण झालं की ते मास्क लावून सोफ्यावर बसत आणि तोंडाने संथ श्वास घेण्याचा सराव करत. मुलगी हसून हसून लोळायची. पंधरा वर्षांखालच्या मुलाबरोबर पाण्यात कार्ड असलेलं मोठं माणूस जोडीदार म्हणून हवंच, असा नियम. शून्यसाहेबांनी तो नियम लाल शाईत लिहून त्याखाली "मी" असं लिहिलं होतं.

आणि आठ महिन्यांपूर्वी शून्यसाहेबांना फिट आली होती.

रविवारची सकाळ, दाढी करत होते. बायकोला रेझर पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर हे फरशीवर, अंग ताठ, मग झटके, जीभ चावली गेलेली, हनुवटीवर फेस आणि रक्त. मुलगी आत झोपली होती. तिला नंतर सांगितलं, बाबांचा पाय घसरला. डॉक्टरांनी दोन वेळच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, गाडी चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही. "आणि पोहणं?" यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ते तर विसराच." गोळ्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरल्या गेल्या, मुलीला कळू नये म्हणून. दोन महिन्यांपूर्वी कामावर हातात वजन धरलेलं असतानाच ते मिनिटभर कुठेतरी हरवले होते. ते तर बायकोलाही सांगितलं नाही.

पाण्याखाली असं झालं तर तोंडातली नळी सुटते आणि माणूस संपतो. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. टाक्या भरण्याच्या दुकानात त्यांनी तसा गेलेला एक माणूस आणलेला पाहिला होता.

बायकोने परोपरीने सांगून पाहिलं. "अहो, तिच्याबरोबर तिथल्या स्कूबा केंद्राचा शिक्षक जाईल की. मी फोन करून विचारलंय, चालतं तसं. आपण दोघं बोटीत बसू."

"बोटीत बसायला मी म्हातारा झालोय का?"

"म्हातारे नाही हो. आजारी आहात."

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. हट्ट होता, दुसरं काही नाही. पोरीच्या डोळ्यांत आपण एकदा उतरलो की परत चढता येणार नाही, या भीतीने त्यांना घेरलं होतं. ती भीती इतकी मोठी होती की मरणाची तिच्यापुढे मामुली वाटत होती. आपल्याबरोबर खाली एक चौदा वर्षांची मुलगी असणार आहे, हा हिशेब काही या हिशेबी माणसाच्या डोक्यात शिरला नाही. बायको रडली, मुलीला सगळं सांगेन म्हणाली, आणि तिने सांगितलं नाही. नवऱ्याला मुलीसमोर उघडं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

त्या स्कूबा केंद्राकडून बापलेकीचे तब्येतीचे फॉर्म आले. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. मुलगी प्रश्न मोठ्याने वाचत होती आणि बापलेकीने आपापल्या कागदावर खूण करायची होती.

"हृदयविकार?" नाही. "छातीचं ऑपरेशन?" नाही. "दमा?" नाही.

"फिट, झटका, शुद्ध हरपणं?"

बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. शून्यसाहेबांनी "नाही" वर खूण केली. पेन कागदात इतकं रुतलं की मागच्या बाजूला उठलं. मुलगी आपल्या कागदाकडे बघत होती. तिने पुढचा प्रश्न वाचायला जरा वेळ लावला, एवढंच.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, माझ्यावर पालक म्हणून तुझी सही." तिने कागद सरकवला. एका हाताने ते स्वतःचा फॉर्म पालथा घालत होते, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी तिच्या फॉर्मवर सही केली. न वाचता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पाच दिवसांनी कामावर असताना केंद्राचं पत्र मोबाइलवर आलं. आपला फॉर्म व्यवस्थित आहे, असं पहिल्या ओळीत. आपल्या मुलीने मात्र दम्यापुढे "होय" लिहिलं असून वर्षभरात तीन वेळा झटका आल्याचं नमूद केलं आहे, खाली पालकाची सही आहे, सबब तिला पाण्यात उतरवता येणार नाही. तिच्या शिक्षकांनाही तसं कळवलं आहे.

त्यांना आधी वाटलं, पोरीने चुकून भलतीच खूण केली. मग पत्रातले ते तीन झटके आठवले. एवढं तपशीलवार कुणी चुकून लिहीत नाही. ते विचार करत असतानाच तिच्या स्कूबाच्या शिक्षकाचा फोन आला, आणि तो भडकलेलाच होता.

"दमा? अहो, तिला कसला दमा? कोर्स संपल्यावर दोन महिने माझ्याकडे जादा सरावाला येतेय ती. बेशुद्ध जोडीदाराला तळातून वर आणायचा सराव. आमच्याकडे रबरी पुतळा असतो, त्यात वजनं भरता येतात. मी म्हटलं, चाळिसाचा घे, तू केवढीशी! तर नाही, म्हणे अठ्ठ्याहत्तरचाच हवा. मी म्हटलं, अगं, बोटीवर मदतीला माणसं असतात. तर मला विचारते, खाली कोण असतं?"

शून्यसाहेबांचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो होतं. डॉक्टरांच्या प्रत्येक चिठ्ठीवर ते लिहिलेलं असायचं.

त्यांनी "बरं, बघतो" म्हणून फोन ठेवला. समोरच्या गेजचा काटा काय दाखवतोय ते त्यांना दिसेना.  ही फिट नव्हती, लाज होती. ते मॅनेजरला सांगून अर्ध्या दिवसातच घरी निघाले.

मुलगी शाळेतून येऊन पाव खात बसली होती. दप्तर खुर्चीवर, मोजे तसेच पायात. त्यांनी मोबाइल तिच्यासमोर ठेवला. तिने पत्र वाचलं आणि घास चावून संपवला.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी. आई तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती ना, तेव्हा मी दाराशी होते. नंतर तुम्ही म्हणालात पाय घसरला."

"मग मला बोलायचंस ना, बाळा."

"तू बोललास?"

 ती चिडलेली नव्हती, तेच जास्त लागत होतं.

"मला वाटलं होतं तू फॉर्ममध्ये खरं लिहिशील," ती म्हणाली. "तू कधी खोटं लिहीत नाहीस म्हणून. मी वाट बघत होते. तू लिहिलं असतंस तर मी शिक्षकाबरोबर खाली गेले असते, आणि वर येऊन तुला सगळं सांगितलं असतं. मला चाललं असतं रे तेवढं. पण तू 'नाही' केलंस. मग मी काय करणार होते?"

ते घाईघाईने बोलायला लागले. "हे बघ, मी आत्ता कळवतो त्यांना. माझा फॉर्म खोटा आहे म्हणून लिहितो. तुझं नाव मोकळं होईल, डॉक्टर दाखला देतील, तुझ्या शिक्षकाशी मी बोलतो. तू जा, मी बोटीत बसतो. आईच्या शेजारी बसतो, सावलीत. शपथ."

"लिही," ती म्हणाली. "पण मला नाही जायचं."

"का पण? आता तर काही अडचण नाही."

तिने पावाचे कण बोटाने गोळा करून ताटलीत टाकले. मग ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलली.

"बाबा, मी सव्वीस वेळा खाली गेले. प्रत्येक वेळी तू तळाशी पडलेला. तोंडातली नळी सुटलेली. वर आणेपर्यंत सर घड्याळ बघून सांगायचे, उशीर झाला. सव्वीसच्या सव्वीस वेळा. आता पाण्यात डोकं घातलं की मला दुसरं काही दिसतच नाही."

तिने ताटली उचलली, विसळली आणि आत जाऊन अभ्यासाला बसली. शून्यसाहेबांनी केंद्राला खरं काय ते लिहून कळवलं. पाठवण्याआधी त्यांनी ते पत्र तीन वेळा वाचलं आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. आता त्याचा कुणाला काहीच उपयोग नव्हता.