घाटात गरम होणारा कॉम्प्युटर

गेल्या वर्षभरात आमच्या घरात जी भांडणं झाली, त्यातली निम्मी एका काळ्या डब्यावरून झाली. डबा म्हणजे माझ्या मुलाचा गेमिंग कॉम्प्युटर. कॉलेजात असताना हट्ट करून घेतलेला, आतले पंखे लाल-निळे पेटणारे. मग साहेब नोकरीला परदेशी गेले आणि हा डबा आमच्या बोरीवलीच्या वन बीएचकेत, हॉलच्या कोपऱ्यात, माझ्या डोक्यावर ठेवून गेले. "आई, विकू नकोस हां, मी आलो की लागेल." लागेल म्हणे! येतो दोन वर्षांतून एकदा, आणि आला की झोपतो.

त्या डब्याला वाली मिळाला तो आमच्या ह्यांच्या रूपाने. ह्यांनी जन्मभर टुरिस्ट गाडी चालवली. अंधेरीच्या हॉटेलांतून पाहुणे उचलायचे आणि गोवा, महाबळेश्वर, शिर्डी फिरवून आणायचे. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वेळेत दवाखान्यात पोचलो म्हणून निभावलं. चालायला लागले, बोलायला तर जरा जास्तच लागले. फक्त डावा हात मागे राहिला. चहाचा कप उचलायचा म्हटला तरी तो हात आधी विचार करतो, मग निघतो. डॉक्टर म्हणाले, "काका, आता गाडी नको." हे बाहेर येऊन मला म्हणाले, "त्याला काय कळतंय? तो स्वतः ड्रायव्हर ठेवून फिरतो."

गाडी खाली सोसायटीच्या कंपाउंडात उभी होती. हे रोज सकाळी जाऊन ती पुसायचे, उजव्या हाताने. आणि एकच पालुपद, की यंदा गणपतीला गावी जायचं ते आपल्या गाडीने, मी चालवणार. आमचं गाव कणकवलीच्या पुढे. म्हणजे डावा हात गिअरवर, खाली दरी आणि शेजारच्या सीटवर मी. मी स्पष्ट सांगितलं, "मला अजून जगायचंय हो. मी येणार नाही, आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही." त्यावर अबोला. आमच्या घरात अबोला म्हणजे टीव्हीचा आवाज मोठा.

शेवटी मुलाने व्हिडिओ कॉलवर तोड काढली. "पप्पा, माझ्या पीसीवर ड्रायव्हिंगचा गेम आहे. स्टिअरिंग आहे, पेडल आहेत, डावीकडे गिअर पण आहे. कोणीतरी मुंबई-गोवा रस्ता हुबेहूब बनवलाय त्यात. एकदा कशेडी घाट विनाअपघात पार करून दाखवा. जमलं तर गाडी तुमची, आई काही बोलणार नाही. नाही जमलं तर किल्ली आईकडे. बोला."

"त्यात काय बोलायचंय?" हे म्हणाले. "डोळे मिटून करतो."

खऱ्या कशेडीला आता बोगदा झालाय. घाटाने कोणी कशाला जातंय मरायला! पण गेम बनवणाऱ्या रिकामटेकड्याने जुनाच घाट ठेवलेला, आणि ह्यांचंही म्हणणं तेच, की ड्रायव्हर घाटात कळतो. जेवणाच्या टेबलाला मुलाने सांगितल्याप्रमाणे स्टिअरिंग आवळून बसवलं, पेडल खाली ठेवले, आणि माझ्या टेबलावर चपात्या लाटायची सोय गेली.

पहिल्या दिवशी घाटाच्या पायथ्याचं पोलादपूर सोडेपर्यंत सगळं झकास. चढ लागला मात्र, चित्र अडखळायला लागलं. पंखे घरघरायला लागले, डब्याच्या मागून तोंडावर गरम झळ यायला लागली, आणि तिसऱ्या वळणावर गाडी सरळ दरीत.

"बघ! हँग झालं!" हे ओरडले.

"मशीन नाही हो, तुम्ही हँग झालात," मी स्वयंपाकघरातून म्हटलं.

रागावले की हे मालवणीवर येतात. "हात लावन बघ गो! गरम जाता मशीन!" मी हात लावून पाहिला. खरंच गरम होतं. पण म्हणून मी माघार घेणार की काय? "तुमचं डोकं लावून बघा, ते जास्त गरम असेल," म्हटलं, आणि गॅसकडे वळले.

तेव्हापासून रोज दुपारी तोच तमाशा. पोलादपूर, चढ, अडखळ, दरी. दरीत गेले की हे डब्याला शिव्या घालायचे, आणि मी मनातून खूश व्हायचे. खोटं कशाला बोलू? तो डबा असाच रखडत राहिला तर गणपती येतील आणि जातील, आम्ही ट्रेनने जाऊ, मी जिवंत राहीन आणि हेही राहतील, एवढा सरळ माझा हिशेब होता.

पण ह्यांनी धाकट्या भावाला बोलावलं. माझे धाकटे दीर दहिसरला राहतात आणि एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतात. समोर बसतात म्हणून त्यांना कॉम्प्युटर कळतो, असा आमच्या सासरी समज आहे. भावजी आले, कांदेपोहे खाल्ले, माऊस इकडेतिकडे फिरवला आणि निदान केलं, "व्हायरस आहे. फॉरमॅट मारायला लागेल." भावजींच्या मते जगातल्या प्रत्येक रोगावर फॉरमॅट हेच औषध. त्यांचं चाललं असतं तर त्यांनी ह्यांच्या डाव्या हातालाही फॉरमॅट मारला असता. डब्याला मात्र मारला. सगळं पुसलं गेलं, गेमसकट. मुलाने तिकडून बोंब मारली, मग पुन्हा गेम उतरवला, पुन्हा तो रस्ता उतरवला. पोलादपूर, चढ, अडखळ, दरी.

मग शेजारच्या गुजराती बेन आल्या. त्या म्हणाल्या, "भाभी, ए तो हवा मांगता है." म्हणून डब्याची काचेची बाजू काढून टेबल फॅन सरळ आतड्यांवर लावला. आमच्या बाजूची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला पाडलीय, तिची धूळ खिडकीतून दिवसभर घरात येते. ती सगळी आतापर्यंत फटीफटीने आत जात होती, आता टेबल फॅनने राजमार्ग करून दिला. दोन दिवसांत आतले लाल-निळे दिवे करडे दिसायला लागले.

तेव्हा ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाठीवर घेऊन डबा गॅलरीत नेला म्हणाना, म्हणजे नेला मी, सूचना त्यांच्या. पेंटिंगच्या ब्रशने धूळ काढली. प्रोसेसरच्या वर एक ठोकळा असतो, त्यावर पंखा. त्याला कूलर म्हणतात, आतली गरमी वर ओढून बाहेर टाकायचं त्याचं काम. त्या पंख्याचं एक पातं तुटलेलं निघालं. आता हे जे खूश झाले! "बघितलंस? मी म्हणत नव्हतो? गाडी गरम का होते? रेडिएटर गेला की. हा रेडिएटरच आहे गं!" मला मान्य करावं लागलं. तोंडाने नाही केलं, पण केलं.

नवा कूलर मागवला. भावजी लावायला निघाले होते, पण ह्यांनी त्यांना हात लावू दिला नाही. "तुझं फॉरमॅट बघितलंय मी. तू बस." स्वतः खुर्ची ओढून बसले, ती पांढरी पेस्ट लावली, ठोकळा बसवला, उजव्या हाताने स्क्रू पिळले. डाव्या हाताने ठोकळा नुसता धरायचा होता. तो दोनदा सुटला, ते मी आणि भावजी, दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं. तिसऱ्यांदा मी न विचारता धरून ठेवला.

मशीन चालू केलं. आता तर पोलादपूरसुद्धा येईना! दोन मिनिटांत पंखे बोंबलले आणि डबा फट्दिशी बंद. वाट लागली. भावजींनी जाहीर केलं, "मदरबोर्ड गेला." मी म्हटलं, "चला, सुटलो." दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडी पुसायलाही गेले नाहीत, आणि तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं नाही.

संध्याकाळी भावजी आले, तेव्हा मीच मुलाला फोन लावला. त्याने काय काय उघडायला लावलं. स्क्रीनवर आतलं तापमान दिसलं, चहाचं आधण ठेवावं एवढं. तो आकडा त्याने मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, "पप्पा, कूलरच्या खालचं प्लास्टिक काढलंत ना?"

"कुठलं प्लास्टिक?"

"अहो, खालच्या तांब्यावर पातळ फिल्म असते. त्यावर लिहिलेलं असतं मोठ्या अक्षरात, काढून टाका म्हणून."

हे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी घराकडे. आमच्या टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक आहे. फ्रिजच्या हँडलवर आहे, आता पिवळं पडलंय. मिक्सरच्या बटणांवर आहे. खाली गाडीच्या सीटांवर आहे, उन्हाळ्यात पाठीला चिकटतं. कोणी काढायला गेलं की ह्यांचं ठरलेलं, "राहू दे, नवी वस्तू आहे, खराब होईल." फिल्मवरचं ते ह्यांनी वाचलं होतं हो! वाचूनच ती तशी ठेवली होती. नवा कूलर खराब होईल म्हणून.

मी एवढी हसले की मला खाली बसावं लागलं. फोनमध्ये पोरगाही हसत होता. "रेडिएटरला रेनकोट घातला हो तुम्ही!" मी म्हटलं. भावजी तर डोळे पुसत होते, मदरबोर्डचं विसरूनच गेले. हे आधी चिडले, मग तेही हसले. आजारपणानंतर एवढं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. ती फिल्म त्यांनी स्वतः सोलून काढली आणि पेस्ट पुसून नवी लावली. मशीन चालू केलं, गेम लावला, घाट तसाच पडद्यावर ठेवला. आम्ही चौघंही त्या तापमानाकडे बघत बसलो. आकडा चढेचना. चित्र पाण्यासारखं सरकत होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर परीक्षा ठरली. भावजी हजर होते, जेवण होतं म्हणून. मुलगा फोनवर, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. हे आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसले. बसण्याआधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला, गाडीला करायचे तसा.

आणि काय चालवली हो! मी आयुष्यात त्यांच्या शेजारी फारशी बसले नाही, ती सीट पाहुण्यांची. मला माहीतच नव्हतं हा माणूस चालवताना कसा दिसतो. ओठ मिटलेले, मान सैल. समोरून ट्रक आला की तो येण्याआधीच जागा देऊन ठेवलेली. पोलादपूर मागे पडलं. चढ लागला. चित्र अडखळलं नाही, पंख्यांचा आवाज नाही. बाई गं, जिंकतात वाटतं, म्हटलं.

तिसऱ्या वळणावर गिअर खाली टाकायचा होता. पाय क्लचवर गेला, वेळेवर गेला. उजवा हात स्टिअरिंग वळवायला लागला. डावा हात मांडीवरून उठला, पण उशिरा उठला. गिअर चाचपडला, सापडला, तोवर गाडी मागे घसरली आणि कठड्यावरून गेली.

"परत," हे म्हणाले.

परत पहिल्यापासून. तिसरं वळण, दरी. पुन्हा एकदा, आणि ह्या वेळी त्यांनी आधीपासूनच डावा हात गिअरवर ठेवून दिला होता. तरी तो हलायच्या वेळेला हलला नाही.

भावजी खाकरले. "दादा, केबल लूज असेल. गिअरची."

"पप्पा, त्या गेममध्ये ना, त्या वळणावर प्रॉब्लेम आहेच," मुलगा फोनमधून म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही.

आणि मी? ज्या बाईने महिनोन्महिने त्या माणसाला ऐकवलं, ती मी उठले आणि म्हणाले, "अहो, मशीन गरम झालं असेल परत. राहू दे आज."

ह्यांनी डब्यावर हात ठेवला. डावाच ठेवला, उजव्याने उचलून. बराच वेळ ठेवला.

"थंड आसा गो," ते म्हणाले. "म्हणजे मीच."