लाल बनियनमधला बॉक्सर

माझा मोठा भाऊ बॉक्सर होता. कोल्हापुरात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "आणि कुस्ती का न्हाय केली?" आमचे वडील उद्यमनगरात एका फाउंड्रीत कामाला होते. त्यांनाही पोरानं तालमीतच जावं असं वाटायचं. दादा मात्र शाळा सुटली की लष्करातून निवृत्त झालेल्या एका मास्तरांच्या पत्र्याच्या शेडकडे पळायचा. मास्तर तिथं मुलांना बॉक्सिंग शिकवायचे, आणि काही वर्षांत त्यांच्या शेडची ओळख 'दादाची शेड' अशीच झाली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं राज्याची स्पर्धा लागोपाठ दोनदा जिंकली. मागं सरकणं त्याला माहीत नव्हतं. समोरच्याचे ठोसे तोंडावर घेत तो पुढं जायचा, आणि मारून मारून समोरचा दमला की ह्याचा उजवा हात सुटायचा. "मार खाऊन मारतोय गडी," असं लोक कौतुकानं म्हणायचे. शेवटच्या विजयानंतर त्याला उघड्या जीपमधून घरी आणलं. गुलालानं माखलेल्या त्या तोंडावर कुठं रंग आणि कुठं सूज, हे आईला ओवाळताना कळत नव्हतं. तिनं कुंकू लावायला बोट उचललं आणि टेकवायची जागा शोधत राहिली.

खेळ सुटला तेव्हा त्याला साखर कारखान्यावर वॉचमनची नोकरी लागली. तिथं त्याची जीभ जड व्हायला लागली. शब्द एकमेकांत अडकायचे, चालताना एक पाय ओढायचा. लोकांनी अर्थ लावला की गडी प्यायला लागला. दादानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, पण किती जणांना सांगणार? एकदा ड्युटीवरून घरी यायला निघालेला दादा भलत्याच एस.टी.त बसला आणि मलकापूरला उतरला. तिथल्या कंट्रोलरनं त्याच्या खिशातलं कारखान्याचं ओळखपत्र बघून फोन केला. मी आणायला गेले तर तो स्टँडच्या बाकावर हात मांडीवर ठेवून शांत बसला होता. मला बघून म्हणाला, "आमची गाडी लागली का?"

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या माराचा हा परिणाम आहे, म्हणाले. दादाची चाळिशीसुद्धा आली नव्हती. नोकरी सुटली. वडील तोवर गेले होते. मी शाळेत शिकवत होते आणि आई त्याला सांभाळत होती.

पुढं दोन हजारनंतर जिल्ह्यात एकाच वजनगटातली दोन पोरं एकदम वर आली. एक उंच, लांब हाताचा. पायानं नुसता नाचायचा आणि लागून न घेता गुण गोळा करायचा. दुसरा बुटका, रुंद खांद्यांचा, सरळ अंगावर जाणारा. दोघांची राज्य निवड चाचणी जवळ आली तशी चहाच्या गाड्यांवर एकच चर्चा सुरू झाली. दादा आज असता तर ह्या दोघांना खाल्लं असतं की नसतं? 'आज असता तर' असं लोक माझ्यासमोर म्हणायचे. तो तेव्हा आमच्याच घरात, खिडकीजवळच्या कॉटवर बसलेला असायचा.

त्या दोघांचा कोच दादाबरोबरच शेडमध्ये शिकलेला. एका रविवारी सकाळी तो दोघांना घेऊन घरी आला. दादाच्या शेवटच्या लढतीची एक कॅसेट आमच्याकडे होती, लग्नाची शूटिंग करणाऱ्या एकानं काढलेली. कोचनं तिची सीडी करून आणली होती. "पोरांनी बघावं की, खरा बॉक्सर कसा असतोय ते," तो म्हणाला. दोघं दादाच्या पाया पडले. दादानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

टीव्हीवर लाल आणि निळ्या बनियनमधले दोन बॉक्सर आले. दोघांच्या डोक्यावर हेडगार्ड. दादा लालमध्ये होता. कॉटवरचा दादा हळूहळू पुढं झुकला. ठोसा मारताना हलतात तसे त्याचे खांदे हलायला लागले.

"ह्यो लाल कोण?" त्यानं विचारलं.

कोच हसला. त्याला चेष्टा वाटली. मग दादाच्या चेहऱ्याकडं बघून त्याचं हसू विरलं.

"सांगा की वस्ताद," बुटका म्हणाला, "ह्यो लाल आणि आम्ही दोघं. कोण भारी?"

दादानं खरोखर विचार केला. बऱ्याच महिन्यांत मी त्याला इतकं नीट बोलताना ऐकलं नव्हतं. "उंच पोराला ह्याचा हात लागायचा न्हाय. तुला लागंल. तू बी ह्याच्यागत उभा ऱ्हातोस. पण जिंकंल ह्योच. ह्याला थांबायचं कळत न्हाय." टीव्हीत निळ्याचा ठोसा लालच्या कानशिलावर बसला आणि गर्दी ओरडली. दादानं डोळे मिटले.

"ह्याच्या घरात कुणी हाय का न्हाय?"

मीच म्हटलं, "हाय की."

"मग थांबवत का न्हाईत त्याला?"

आई उठून आत गेली. कोचनं टीव्ही बंद केला. केलेला चहा कुणी नीट प्यायलं नाही.

निवड चाचणीत ते दोघं एकमेकांसमोर आले. बुटका पुढंच जात राहिला आणि उंच पोराचे ठोसे डोक्यावर घेत राहिला. लोक दादाचं नाव घेऊन त्याला चेतवत होते. तो अजून पायावर उभा होता, तरी कोचनं त्याच्या बाजूनं हार मानत रिंगमध्ये टॉवेल टाकला. लोकांनी कोचला शिव्या घातल्या. बुटक्यानं तिथंच ग्लोव्हज काढून फेकले आणि पुढं कित्येक महिने कोचशी अबोला धरला.

नंतर तो पोलिसात भरती झाला. सुट्टीत आला की आमच्याकडं यायचा आणि दादाजवळ बसायचा. तेव्हा दादा मलाही ओळखत नव्हता. माझ्याकडं बघून, "पावण्यांना पाणी द्या," म्हणायचा. एका दुपारी त्यानं त्या पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळावरून, भुवयांवरून बोटं फिरवली.

"तो लाल तूच न्हवं का?"

पोरानं माझ्याकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "मीच."

"थांबलास न्हवं?"

"थांबलो, वस्ताद."

"बरं झालं," दादा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही, पण एरवीसारखा चिडलाही नाही. पोरगं जायला निघालं. उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या बांधताना ते बराच वेळ वाकलेलंच राहिलं, आणि मीही त्याला घाई केली नाही.