टीव्हीकडे पाठ

बाबांची एक खोड होती. निवडणुकीत आमच्या वस्तीसमोरच्या मैदानात सभा असली की ते मंचाच्या मागे जाऊन उभे राहायचे. तिथून उमेदवाराची फक्त पाठ दिसायची. चेहरा बघत बसलं की शब्द निसटतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि उमेदवार मैदानापेक्षा पडद्यावरच जास्त भेटू लागले. बाबांची पंचाईत झाली. टीव्हीच्या मागे उभं राहून करणार काय? मग भाषण लागलं की ते चक्क टीव्हीकडे पाठ करून जेवायला बसायचे. आम्ही भावंडं तोंड दाबून हसायचो.

आता जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये मला माझं पहिलं जर्मन मत द्यायचं होतं. त्यासाठी जर्मन नागरिकत्व घेऊन भारताचा पासपोर्ट परत केला होता. तो देताना मी किती रडले, हे घरी कुणाला सांगितलं नाही. आता या मतात चूक झाली तर सगळंच फुकट, असं वाटायचं. टपालाने मत पाठवायचं पाकीट आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडून होतं. चॅन्सेलरपदाच्या दोन उमेदवारांची टीव्हीवरची चर्चा बघून ठरवू, असं म्हणून मी ते टाळत होते. ऑफिसात तर कोण हसतं कसं आणि कोणाला टाय शोभतो, यापलीकडे कुणी बोलत नव्हतं. मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवत होते.

रविवारी सव्वाआठला चर्चा सुरू झाली. माझी चौदा वर्षांची मुलगी मागे टेबलाशी, टीव्हीकडे पाठ करून गणितं सोडवत होती. एक उमेदवार सारखा घाम पुसत होता. दुसरा शांत, कॅमेऱ्यात बघून बोलणारा, अगदी आमच्या सोफ्यावर येऊन बसल्यासारखा. मला तो आवडला. बरं वाटलं, सुटल्यासारखं झालं.

मागे पेन्सिल थांबली. वळून पाहिलं तर ती खुर्चीत वळून माझ्याकडेच बघत होती.

"आई, डेअर माइंट डोख उन्स."

तो आपल्याबद्दलच बोलतोय, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, छे, काहीतरीच. पण तो नेमकं काय बोलला, ते मला आठवेना. चर्चा थोडी मागे नेली आणि डोळे मिटून ऐकली. बाहेरून येऊन नागरिक झालेल्यांचं नागरिकत्व पक्कं धरायचं कारण नाही, गरज पडली तर ते काढून घेता आलं पाहिजे, असं तो मऊ आवाजात सांगत होता.

घरात नेहमी जर्मनमध्ये उत्तर देणारी ती, या वेळी मराठीत बोलली.

"मग तू मान का हलवत होतीस?"

मी खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेली आणि उरलेली चर्चा टीव्हीकडे पाठ करून ऐकली. सोमवारी पाकीट टपालपेटीत टाकलं. मत चुकलं नाही, असं वाटतं. पण त्या उमेदवाराला मी मानेने हो म्हणत असताना तिने मला पाहिलं आहे.